आखडलेला टप

घड्याळजींचं घर दोन खोल्यांचं आणि मोटार मात्र घरापेक्षा ऐसपैस. जुनी अमेरिकन, पिस्ता रंगाची. कापडी टप मागे दुमडला की अख्खा रस्ता वळून बघायचा. दिवसभर लोकांची घड्याळं दुरुस्त करून आलेली कमाई तिच्या पोटात जायची. बायको म्हणायची, "सवत आणलीत, निदान देखणी तरी आणलीत!" आणि हसायची. त्या हसण्याखाली काय आहे, हे बघायची घड्याळजींना कधी गरज वाटली नाही.

तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मेहुण्याने फोन केला. "दाजी, ताईला आणायला येऊ का गाडी घेऊन?"

"घरात एवढी मोटार असताना तुझी ती डबी कशाला?"

"अहो, येऊ दे की त्याला," बायको म्हणाली. "डोळ्याला वारा लागायला नको म्हणालेत."

"मग टप कशासाठी असतो?"

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. त्या सकाळी घड्याळजींनी गाडी धुतली, आणि लोकांना आतल्या लाल गाद्या दिसाव्यात म्हणून ओला टप तसाच दुमडला. कापड ताणलेलं वाळू द्यायचं, मग घडी घालायची, नाहीतर ते आखडतं, हा उघड्या गाड्यांचा पहिला धडा. दुसऱ्यांना तो शिकवताना त्यांचं तोंड दुखत नसे. पण कौतुकापुढे अक्कल गहाण पडली. नंतर टप पुढे ओढून बघायचंही राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी बायकोला उघड्या गाडीतून मिरवत नेलं. दुपारी डोळ्यावर पट्टी बांधून ती दवाखान्याच्या दारात उभी राहिली, आणि घड्याळजींनी टप ओढला. तो पुढच्या काचेपासून चार बोटांवर अडला. आखडलेलं कापड कडीपर्यंत पोचेना. वॉचमन धावला, एक रिक्षावाला धावला, तिघांनी जोर लावला. शिवण टरकली, टप तसूभर सरकला नाही. बाहेर धुळीचा वारा सुटला होता. बायको पदराने डोळा झाकून उभी होती.

शेवटी घड्याळजींनी त्याच मेहुण्याला फोन लावला.

मेहुणा डबी घेऊन आला, बहिणीला बसवून निघून गेला. मागून घड्याळजी एकटेच उघड्या गाडीतून आले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटत होतं. घरी पोचले तर आतून मेहुण्याचा चढलेला आवाज ऐकू आला.

"तुझ्या डोळ्यापेक्षा त्यांना मिरवणं मोठं!"

"त्यांना काही बोलू नकोस," बायको म्हणत होती. "ते नकोच म्हणत होते. मीच हट्ट धरला, मोटारीतूनच जाईन म्हणून."

घड्याळजी उंबऱ्याबाहेर चप्पल काढत होते. एक काढली, दुसरी पायातच राहिली. आत जाऊन खरं काय ते सांगावं, एवढंही त्यांच्याच्याने झालं नाही.