टेकवून बसवलेला माणूस

रंगुबाईचा दिवस सासऱ्याला कुशीवर वळवण्यापासून सुरू व्हायचा. खालची गोधडी ओढून घ्यायची, ओलं फडकं फिरवायचं, कोरडी गोधडी सरकवायची. पुंजाराम तेवढा वेळ डोळे मिटून असे. तो झोपलेला नाही हे तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे त्यालाही. या कामात दोघं एकमेकांशी बोलत नसत. भाकरी खाताना मात्र तो बोलायचा. वारं कुठलं आहे, कुणाचा बैल हंबरला, काल वस्तीवर कोण भांडलं, सगळं विचारून घ्यायचा.

त्यांची वस्ती पाथर्डीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला राहात्याकडे जात. अशाच एका मोसमात रंगुबाईचा नवरा भिमाजी उसाने भरल्या गाडीखाली सापडून गेला. पुढच्या उन्हाळ्यात पुंजारामची डावी बाजू लकव्याने गेली. जीभ वाचली, बुद्धी वाचली. त्यामुळे काय गेलं ते त्याला पुरतं कळत होतं. मूलबाळ नव्हतं. रंगुबाईचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला तेव्हा तिने विचारलं, "आन् मामांना?" भावाने पाणी मागितलं, ते प्यायला आणि एकटाच परत गेला.

एके काळी घोडेगावच्या बाजाराला निघणारा माणूस आधी पुंजारामच्या दारात यायचा. त्याला बैलाची पारख होती. तो पाय उचलून बघे, पाठीवरून हात फिरवे आणि एकच शब्द बोले: घे, किंवा सोड. त्याच्या शब्दावर चार गावं चालत.

बहात्तर साली पावसाने तोंड फिरवलं. सरकारने रस्त्याचं काम काढलं आणि अख्खी वस्ती खडी फोडायला जाऊ लागली. काम दोन कोसांवर. रंगुबाई भाकरीचा तुकडा आणि तांब्या सासऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवून निघायची, ती दिवेलागणीला परतायची. शेजारची म्हातारी दगडाबाई अधूनमधून हाक मारून बघायची, पण त्याला वळवण्याचं बळ तिच्या अंगात नव्हतं. दिवसभर एकाच जागी उताणं पडून पुंजारामच्या पाठीला जखमा झाल्या. संध्याकाळी गोधडी सोडवताना कातडी तिला चिकटून यायची.

कामावर कुणीतरी बोललं, की ज्याला काम झेपत नाही अशा म्हाताऱ्या, अपंग माणसाला सरकार घरी बसून मदत देतं. मदत थोडी होती. रंगुबाईने मनाशी धरलं, अर्धपोटी राहू, पण मी घरी थांबेन. ती तलाठ्याकडे गेली.

"माझ्यावरचे सर्कलसाहेब येऊन बघतील," तलाठी म्हणाला. "त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं, की झालं."

साहेब येणार म्हटल्यावर घरात धावपळ उडाली. घरी पाहुणा आला तर कर्त्या पुरुषाने निजून राहायचं नसतं. दुखणं असलं तरी उठून बसायचं, पाहुण्याला आधी गूळपाणी विचारायचं. आणि हा तर सरकारचा पाहुणा. रंगुबाईने जमीन सारवली. दगडाबाईने आपल्या लेकाचं धुतलेलं धोतर आणलं, चहाला चिमूटभर साखर आणली.

"रंगे, दाढी करून घे त्याची. जंगलातून धरून आनल्यागत दिसतोय."

"तू आधी तुझं तोंड धू, दगडे," पुंजाराम आतून म्हणाला. कित्येक महिन्यांनी तो हसला होता.

त्याला भिंतीला टेकवून बसवलं. डाव्या बगलेत धान्याचं रिकामं पोतं गुंडाळून खुपसलं, वरून घोंगडी पांघरली, निर्जीव हात तिच्याखाली झाकला. फेटा त्याने उजव्या हाताने स्वतः सारखा केला.

सर्कल तसा वाईट माणूस नव्हता. उन्हातून आला होता, खाली अंथरलेल्या दुसऱ्या घोंगडीवर टेकला, चहा प्यायला.

"काय बाबा, कसं काय?"

"बरं हाय, सायेब. तुमच्या किरपेनं."

"जेवणखाण?"

"काय कमी न्हाई. सून लई गुनाची हाय."

मग बैलांची गोष्ट निघाली. खिल्लार कुठला चांगला, त्याचा खूर कसा बघायचा, हे पुंजारामने असं रंगवून सांगितलं की साहेब घड्याळ विसरले. रंगुबाई चुलीपाशी पदर दाताखाली धरून उभी होती. पाठीवरची जखम दाखवा, घोंगडी काढा, हे शब्द तिच्या ओठांशी येत होते. पण परक्या पुरुषासमोर सासऱ्याचं बोलणं सुनेने खोडायचं नसतं. ती उभीच राहिली.

उठताना साहेब तलाठ्याला म्हणाले, "अहो, म्हातारा ठणठणीत आहे. पाय अधू दिसतो एवढंच. याला बसून खायला कशाला घालायचं? कामावर बायकांची तान्ही पोरं असतात, ती सांभाळील सावलीत बसून. हलकं काम लिहा." आणि खरंच काहीतरी भलं केल्याच्या आनंदाने त्यांनी पुंजारामला रामराम केला.

साहेब गेल्यावर तिने पोतं काढलं. तो बाजूला कलला तो तसाच पडला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला पाठीवर घेतलं आणि कामावर नेलं. वाटेत तीनदा उतरवावं लागलं. हजेरी घेणाऱ्या मुकादमाने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, हा पोरं सांभाळनार का पोरांनी ह्याला सांभाळायचं?"

बायका हसल्या. रंगुबाई म्हणाली, "मंग तसं लिवून द्या, की ह्यांच्यानं काम व्हत न्हाई."

"मी काय लिवू? साहेबानं काम दिलंय. काम दिलेल्या मानसाला मदत न्हाई. आन् ज्यानं काम केलं न्हाई त्याला पगार न्हाई. माझ्या हातात काय हाय?"

हे बोलणं तिने तलाठ्याकडे ऐकलं, आणखी कुठे कुठे ऐकलं. तिच्या हेलपाट्यांना कंटाळून शेवटी तलाठीच म्हणाला, "फेरतपासणी लावतो. पण या वेळी नीट दाखवा, बाई."

नीट कसं दाखवायचं ते तिला आता समजलं होतं.

नवा साहेब आला त्या दिवशी ती कामावर गेली नाही. सकाळी तिने सासऱ्याला वळवलं नाही, पुसलं नाही, गोधडी बदलली नाही. ऊन वर आलं तशा माशा जमल्या.

"रंगू, आगं लोक येत्याली. धोतर तरी दे."

ती चुलीकडे तोंड करून बसली.

"पोरी, तुझ्या पाया पडतो."

त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. तिने कान झाकून घेतले नाहीत, ऐकत राहिली.

साहेब उंबऱ्याशीच थांबले, नाकाला रुमाल लावला. रंगुबाई पुढे झाली. डोक्यावरचा पदर घसरला तो तिने सावरला नाही. सासऱ्याच्या अंगावरची घोंगडी तिने स्वतःच्या हाताने ओढून काढली. "बघा. पाठ बी बघा." तलाठ्याने त्याचा डावा पाय उचलला आणि सोडला. पाय धपकन खाली पडला. पुन्हा उचलून सोडला. दारात वस्ती गोळा झाली होती. त्या गर्दीत पुंजारामच्या शब्दावर बैल घेतलेली माणसंही होती. पुंजाराम आढ्याकडे बघत होता.

"पुरे, पुरे," साहेब बाहेरूनच म्हणाले. "मंजूर."

मदत सुरू झाली. रंगुबाई घरी राहिली. दिवसातून चारदा त्याला वळवू लागली, हळद-तेल लावू लागली. जखमा भरत आल्या. पण पुंजाराम तिच्याशी बोलेना. पाणी हवं असलं की बोटाने जमिनीवर टकटक करायचा. वारं कुठलं आहे हे त्याने पुन्हा विचारलं नाही. दगडाबाई म्हणाली, "म्हातारा हाय, इसरंल." रंगुबाई म्हणाली, "इसरायला त्यांचं डोकं कुठं गेलंय?"

पुढच्या आषाढात पाऊस झाला. कामं बंद झाली आणि मदतही. ती तालुक्याला विचारायला गेली तेव्हा कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "ती दुष्काळाची मदत होती, बाई. दुष्काळ संपला."

"दुस्काळ संपला, सायेब. पर म्हातारं अजून उठलं न्हाई."

"त्याला आम्ही काय करणार? म्हातारपणाला सरकारात खातं नाही."

खुरपणीची कामं निघाली होती. रंगुबाईने पुन्हा तांब्या भरला, भाकरी सासऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवली. निघताना सवयीने दार सताड उघडंच ठेवलं, दगडाबाईला डोकावता यावं म्हणून.

"रंगू."

ती वळली. आवाज इतका बसला होता, की आधी तिला तो ओळखू आला नाही.

"आता कोन बघायला येनार न्हाई ना?"

"न्हाई, मामा. आता कोन येत न्हाई."

"मंग जाताना दार लावून जात जा."

तिने बाहेरून कडी घातली आणि रानाच्या वाटेला लागली.