सिंगापूरवरून दावाओ

"एअरपोर्ट समझा. और घर कितना?"

तिकीट मागायला कुणीही टेबलापाशी आलं, की काका चष्मा कपाळावर सरकवून हे विचारायचे. मग बस किती, होडी किती, पायी किती, सगळं एका वहीत लिहून घ्यायचे.

आखातातल्या आमच्या कंपनीकडे वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमच्या छताचं काम होतं. मी प्लॅनिंगमध्ये नवी, ते कामगारांची तिकिटं काढणारे. देवरूखजवळच्या गावचे, इथं नजमा नावाच्या वस्तीत चौघांबरोबर एका खोलीत राहणारे. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामाला उशीर झालेला चालेल, पण चहाला नाही.

एकदा दुपारी एक फिलिपिनो वेल्डर धावत आला. दावाओत त्याच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरलं होतं. आत नेण्याआधी त्याला त्यांना भेटायचं होतं.

मॅनेजर म्हणाले, "मनिलावरून पाठवा. मनिला ते दावाओ दोन ताससुद्धा नाहीत."

काकांनी मान हलवली. "सर, सिंगापूरवरून पाठवू."

"सिंगापूर-दावाओ पावणेचार तास आहे! उलटा फेरा कशाला?"

"सगळं मिळून हवेत पाऊण तास जास्त, सर. पण मनिलाला जागा उद्या सकाळचीच आहे; हा पोचेल तेव्हा दावाओचं शेवटचं विमान गेलेलं असेल. रात्रभर बाकावर बसेल. सिंगापूरचं विमान आज संध्याकाळीच आहे, तिथं उतरला की तीन तासांत पुढचं. उद्या दुपारी हॉस्पिटलात."

मॅनेजर घड्याळ बघत राहिले. काका एरवी "जी सर"च्या पुढे जात नसत. त्या दिवशी हलले नाहीत. शेवटी मॅनेजर म्हणाले, "खलास, विषय संपला. करा तुमच्या मनासारखं."

वेल्डर निघाल्यावर मी म्हटलं, "काका, विमान लेट झालं तर?"

"तर माझी चूक," ते म्हणाले. मग वही मिटून, "माझे वडील गेले तेव्हा मी साडेतीन तासांत मुंबईला उतरलो होतो गो. घाटात गाडी अडकली. गावात पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळचा चहा घेतला नाही. फोन टेबलावर उताणा ठेवून बसले होते. अकराच्या सुमाराला, म्हणजे तिकडे दुपारी चारला, फोटो आला: पलंगावर म्हातारे गृहस्थ, त्यांचा हात धरून आमचा वेल्डर, दोघंही हसत. काकांनी तो फोटो मॅनेजरांना दाखवला, मला दाखवला, झाडणाऱ्या नेपाळी माणसालाही दाखवला. मग दोन कप चहा प्यायले.

वडील बरे झाले. महिन्याने वेल्डर परतला तो दुरियन नावाच्या तिकडच्या फळाच्या वड्या घेऊन. पुडा उघडताच अकाउंट्सवाल्यांनी दार लावून घेतलं. काकांनी तीन खाल्ल्या. "फणसाचा भाऊच हा, फक्त आंघोळ न केलेला!"

छत पूर्ण झालं आणि पहिला सामना व्हायच्या आधीच काकांचं कंत्राट संपलं. मुलीला बाळ व्हायचं होतं, त्यामुळे ते खुशीत होते. त्यांना सोडायला आम्ही सातजण एअरपोर्टवर गेलो. बॅग कोणी ढकलायची यावरून वेल्डर आणि नेपाळी माणूस भांडले. आत जाण्याआधी काकांनी मागे वळून दोन्ही हातांनी आम्हाला हुसकावलं.

"यल्ला, जा आता! उभे काय राहिलात?"

काचेचं दार मिटलं. आम्ही सातही जण तिथंच उभे होतो, कुणाचाच पाय निघत नव्हता.