शिंपीकाकांनी मिरवलेलं ऑर्किड

शिंपीकाकांची हयात शिवणयंत्रावर गेली, पण त्यांचा जीव रमायचा दुकानामागच्या कुंड्यांत. सकाळी झाडांना पाणी घालायचं, पिवळी पानं खुडायची, मग तिथंच स्टुलावर बसून वाचनालयातून आणलेली कादंबरी थोडी पुढं सरकवायची. एखादं फूल मनात भरलं की उरलेल्या चिंधीवर खडूनं काढून रंगीत दोऱ्यानं भरायचं. काकू म्हणायच्या, "गिऱ्हाइकं खोळंबलीत आणि यांना बहर आलाय!"

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या, तेव्हा आपलं ऑर्किड काकांकडे ठेवून गेल्या. "कित्येक वर्षं वाट बघतेय, एक कळी नाही. नुसतं जगवा, खूप झालं."

काकांनी ते जिवापाड सांभाळलं. आणि एक दिवस त्याला दांडा फुटला, कळ्या आल्या, जांभळी फुलं उमलली. काकांनी कुंडी हौसेनं दुकानात आणून ठेवली.

"काका, हे तुमचं?" पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं.

"मग! आपलंच," काका बोलून गेले. दुसऱ्यानं विचारलं तेव्हा त्या गोष्टीला शेपूट फुटलं, तिसऱ्यानं विचारलं तेव्हा पाय. शेवटी ती काकांना स्वतःलाच खरी वाटायला लागली.

एकदा शाळेतल्या बाई माप द्यायला आल्या होत्या. काका अगदी रंगात आले. "कित्येक वर्षं वाट बघितली हो मी! एक कळी नाही. पण आशा सोडली नाही!"

बाई दाराकडे बघायला लागल्या म्हणून काका वळले. दारात नर्सबाई उभ्या होत्या, प्रवासाची बॅग हातात.

नर्सबाई फुलांपाशी आल्या, क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. "फुललं की हो," एवढंच म्हणून त्यांनी कुंडी उचलली आणि जिना चढून गेल्या.

"अहो, त्या घेऊन चालल्या की!" शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"त्यांचंच आहे," काका टेपकडे बघत पुटपुटले. खांद्याचं माप त्यांनी पुन्हा घेतलं, तरी चुकलं.

त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं की काका यंत्रामागं दडायचे. कुंड्यांपाशी गेलं तरी कान तापायचे. शेवटी काकूच म्हणाल्या, "तोंड लपवून कुठवर निभणार? वर जाऊन या."

काका गेले. दारातच म्हणाले, "बाई, चुकलो. सगळ्यांना खोटं सांगत होतो."

नर्सबाई म्हणाल्या, "फुलं तुमच्या हातची, काका. 'मी फुलवलं' म्हणाला असतात तर मला आनंदच झाला असता. पण वाट मी बघितली होती. ती कशाला घेतलीत?"

"बसा," त्या म्हणाल्या, पण काकांना बसवेना.

पुढं जो तो विचारी, "काका, ते फूल कुठं गेलं?" काका मान खाली घालून सांगत, "वरच्या बाईंचं होतं. मी उगाच मिरवलं." कुणी हसे, कुणी ऐकूनही घेत नसे. एकजण म्हणाला, "एवढ्याशा फुलाचं काय घेऊन बसलात!" काकांना तेच सगळ्यात जास्त लागलं.