ज्याला स्क्रू नाही

आमच्या घरी हिवाळा आला हे थंडीवरून कळत नसे, बाबांच्या हातांवरून कळे.

बाबा पंखे दुरुस्त करत. जळलेल्या मोटरची तार उसवून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, एकेका कॉइलचे दोन-दोनशे वेढे मोठ्याने मोजायचे. उन्हाळ्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसे. मग एके सकाळी लोक कपाटातून पांघरुणं काढत आणि बाबांचे हात रिकामे होत. थंडीत पंखा कोण आठवतो? अडीच-तीन महिने ते शटर अर्धं वर करून, अंधारात लटकलेल्या पात्यांखाली बसून राहत आणि कंटाळून घरी येत.

मग ते घरातल्या वस्तू उघडत. इस्त्री, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ. सगळं परत जोडत, चालूही होई, पण एखादा स्क्रू उरेच. आई म्हणे, "अहो, एवढे उरतात तर कारखाना काढा स्क्रूचा."

मी टपाल कचेरीत नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी आईचं शिलाई मशीन उघडलं. आई लोकांचे कपडे शिवत असे. मशीन जरा कुरकुरत होतं, म्हणून बाबांनी त्यात पंख्याच्या बेअरिंगचं काळं, जाड वंगण भरलं. संध्याकाळी शेजारच्या मास्तरीणबाईंच्या पांढऱ्या कापडावर काळी रेघ उमटली, गळ्यापासून खालपर्यंत.

आई ओरडली नाही. कापड घडी करून ठेवलं आणि म्हणाली, "मी दादाकडे जाते. तुमचे पंखे सुरू झाले की येईन."

मामा पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी न्यायला येणार असं ठरलं. तिसऱ्या दिवशी बाबा ताटावर बसून म्हणाले, "मी कशालाच हात लावला नाही तर?"

"तुम्ही? मांजराने दुधाची शपथ घ्यावी तसं."

"घाल की अट."

"ज्याला स्क्रू आहे त्याला हात लावायचा नाही. दादा येईपर्यंत. मग बघू."

ज्याला स्क्रू नाही अशी वस्तू घरात शोधून पाहा. बाबा अख्खी दुपार खोल्यांतून फिरले. शेवटी कपाटाच्या तळातून आईच्या विणकामाच्या सुया आणि लोकर घेऊन आले. "हे चालेल?"

आईने हसू दाबून टाके घालून दिले, सुलट-उलट शिकवलं. मोजणी त्यांच्या रक्तातच होती, त्यामुळे हात पटकन बसला. पण मोजताना ते कुणाशी बोलत नसत. बोललं की वेढा चुकतो, हा धंद्याचा नियम. दारात दूधवाला विचारी, "काका, उद्या किती?" बाबा म्हणत, "एकशे बारा." दूधवाला आईकडे बघे. आई म्हणे, "अर्धाच लिटर. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका."

स्वेटर आईसाठी होता हे मला मापावरून कळलं. आईलाही कळलं असणार, पण ती त्या बाजूला पाहतच नसे. बाबा खिडकीशी बसून ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत. हिवाळा आठवला की मला त्या खुर्चीचा आवाज येतो. एखादं जनावर हळूहळू उजेडाकडे सरपटत जावं तसा.

शनिवारी स्वेटर पुरा झाला. बाबांनी तो टेबलावर ठेवला, आणि तो उभा राहिला.

तारेचा वेढा सैल राहिला तर मोटर जळते, म्हणून आयुष्यभर ते ताणून गुंडाळत आले होते. प्रत्येक टाका त्यांनी तसाच आवळला होता. आईने डोकं घालून पाहिलं. कानांपर्यंत आलं आणि अडलं. आतून तिचा आवाज आला, "अहो, हा स्वेटर आहे की पिंप?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी तो सोडवून घेतला, टोपीसारखा हातात धरला आणि म्हणाले, "बॅग माळ्यावर आहे. काढून देतो."

आईने माळ्याकडे पाहिलंच नाही. स्वेटर ओढून घेतला, कात्रीने शेवटचा टाका कापला आणि उसवायला बसली. लोकर सुटेना. एकेक टाका सुईने उचकटावा लागत होता. "आता नुसते बघत काय राहिलात? गुंडाळा."

रविवारी मामा आला तेव्हा अजून पाठही सुटली नव्हती. आई पलंगावर, बाबा खुर्चीत, मधे लोकरीचा वाकडातिकडा धागा. बाबा वेढे मोजत होते. खरं तर गुंडा करताना मोजायची काही गरज नव्हती.

"आवरलं का गं? गाडी बाहेर उभी केलीय," मामा म्हणाला.

"हे असं अर्धवट टाकून कशी येऊ? आठ दिवस तरी जातील. मग परत विणायचंय. सैल."

"म्हणजे येत नाहीस?"

"चहा घे आणि जा दादा. रस्त्यात थंडी असेल."

मोजणी थांबली. बाबांचा हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी आईला विचारलं, "कितीवर होतो मी?"

"मला काय माहीत? एकपासून मोजा. घाई कुणाला आहे?"