परातीवरची पापडी

थंडी मी एकदाच पाहिली, असं आयुष्यभर सांगत आलो. लहानपणी बेटम्याला आमचं शेत होतं. एका वर्षी असा पाला पडला की दव पिकावरच गोठलं आणि उभा हरभरा काळा पडला. बैलांच्या हौदावर बर्फाची पापडी जमली होती. बाप म्हणाला, फोड. अंगात एक सुती सदरा. मी ती हाताने फोडली आणि बैलांना पाणी पाजलं. शाळा चौथीत सुटली, पण ही गोष्ट काही सुटली नाही.

पुढे इंदौरला बड्या गणपतीजवळ घर केलं, नोकरी झाली, म्हातारा झालो. हिवाळ्यात पोह्याच्या दुकानावर सगळे मफलर गुंडाळून उभे, मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं. "भिया, ही काय ठंड आहे? पाण्यावर पापडी जमू दे, मग स्वेटर घालतो."

स्वेटर घरात होता. मी रिटायर झालो त्या हिवाळ्यात बायकोने विणलेला, तपकिरी, पूर्ण बाह्यांचा. मी घातला नाही. ती भांडली नाही. दर वर्षी उन्हात टाकायची, झटकायची, परत पेटीत. आणि थंडी वाढली की संध्याकाळी परातीत बोटभर पाणी घालून छतावर ठेवायची. सकाळी बघायची, तेच पाणी तुळशीला घालायची आणि खाली यायची.

"जमली का?" मी विचारायचो.

"नाही जमली." एवढंच.

यंदा तिचे गुडघे गेले. जानेवारीत उत्तरेचं वारं सुटलं, मग वारा पडला, आभाळ निवळलं. संध्याकाळी तिने परात माझ्या हातात दिली. "आज तुम्हीच ठेवा. मला जिना चढवत नाही."

सकाळी गेलो. परातीत पापडी होती. फार नाही, दुधावरच्या सायीइतकी. मी उभा राहिलो. तुळशीची कुंडी शेजारीच होती. पाणी ओतून खाली आलो असतो आणि "नाही जमली" म्हटलं असतं, तर वर येऊन बघणार कोण होतं?

परात दोन्ही हातांनी धरून जिना उतरलो. स्वयंपाकघरात तिच्यापुढे ठेवली. तिने चहाचं पातेलं खाली उतरवलं, बोटाने पापडी दाबली. तुटली.

"काढ पेटीतून तुझा स्वेटर," मी म्हटलं.

घातला, तर स्वेटर खांद्यावरून घसरायला लागला. ज्या मापाने विणला तेवढा मी आता राहिलो नाही. ती मागून पुढून बघून म्हणाली, "द्या इकडे. उसवून परत विणते."

तिच्या बोटांना आता शर्टाचं बटणही लावता येत नाही.

"राहू दे."

"अहो, पोत्यासारखा दिसतोय."

"माझं अंग आहे."

तसाच पोहे खायला गेलो. दुकानदार लांबूनच ओरडला, "क्या काकाजी, हार गए?"

"पापडी जमली."

"कुठे जमली? मोबाइल तर चार डिग्री सांगतोय."

"तुझा मोबाइल माझ्या छतावर झोपला होता का?"

लोक हसले. थोड्या दिवसांत ठंड ओसरली, दुकानावरचे मफलर गेले, उन्हाला चटका आला. ती रोज म्हणायची, आता तरी काढा, उसवायला घेते. मी होळीपर्यंत काढला नाही.