होड्या आणि पाकिटं

पवनीच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. सुरुवातीची काही वर्षं माझे वर्ग फार शांत असायचे. मी आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवायचे आणि पोरंपोरी मान खाली घालून उतरवून घ्यायची. ‘समजलं का?’ विचारलं की सगळ्या माना हलायच्या. ‘काय समजलं?’ विचारलं की पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

त्याच काळात माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. बाहेरचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि इथले हातमाग एकेक करून थांबले, तेव्हा विणकरांच्या मुलांच्या शिक्षणाचं काय झालं, असा विषय होता. मी स्वतः विणकराच्या घरातली. त्यामुळे लोक दार उघडायचे, चहा पाजायचे आणि मोकळं बोलायचे. पण एका गोष्टीपाशी माझं गाडं अडलं होतं. एकाच गल्लीतली दोन घरं, परिस्थिती सारखी, माग दोन्हीकडचे बंद. एका घरानं पोरीला शिकवलं, दुसऱ्यानं शाळेतून काढून कामाला लावलं. असं का, ते मला सांगता येत नव्हतं. नागपूरचे माझे मार्गदर्शक दर भेटीत एवढंच म्हणायचे, “मॅडम, तुम्ही अजून योग्य प्रश्न विचारलेला नाही.”

एका हिवाळ्यात वर्गातल्या शांततेला कंटाळून मी रद्दी पेपरांचा गठ्ठा घेऊन आत गेले. वर्गाचे दोन भाग केले आणि सांगितलं, हे दोन देश. दोघांनाही कागदाच्या होड्या आणि कागदाची पाकिटं लागतात. आधी दोन्ही वस्तू स्वतः करा. मग ज्याला जे लवकर जमतं त्यानं तेच करा आणि बाकीचं समोरच्या देशाकडून बदलून घ्या. शेवटी दोघांकडेही जास्त माल जमतो, हा त्यातला धडा.

थोड्याच वेळात वर्गाचा बाजार झाला. कधी तोंड न उघडणारी पोरं बाकावर उभी राहून भाव करू लागली. आवाज ऐकून प्राचार्य आले.

“काय चालू आहे मॅडम?”

“व्यापार चालू आहे सर.”

ते दारात उभे राहून पाहत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि समोरचा कागद घेऊन त्यांनीही एक होडी केली.

तेवढ्यात एका कोपऱ्यात भांडण झालं. आसगावकडून येणारी एक मुलगी होती. घरचा धंदा मासेमारीचा, तलावावर. वर्गात सगळ्यात मागे बसायची. तिच्या होड्या सर्वांत चांगल्या आणि झटपट व्हायच्या. पण बदलाबदली सुरू झाल्यावर तिनं होड्या बाजूला सारल्या आणि पाकिटं करायला घेतली. ती वाकडीतिकडी होत होती. तिचा देश मागे पडत होता.

शेजारची मैत्रीण चिडली. “अगे, तू होड्या कर ना. तुझ्या पटापट होतात.”

“होतात. म्हणूनच नाई करत.”

“काहून?”

मी जवळ गेले आणि विचारलं, “सांग ना, का नाही करत?”

तिनं हातातलं पाकीट खाली ठेवलं. “मॅडम, घरी बी सारे मले हेच म्हणतात. तुले मासोळी साफ कराले चांगली जमते, तूच कर. तुले बजारात विकता येते, तं तूच जा. जे येते तेच करत राहिलं तं दुसरं कधी शिकू? पाकीट आज बिघडन, उद्या जमन.”

वर्ग एकदम पेटला. एक जण म्हणाला, “पण आज तं आपलं नुकसान झालं ना.” दुसरी म्हणाली, “आजचंच पाहाचं का?” प्राचार्यांनीही आपलं मत मांडलं, आणि एका पोरानं ते सरळ खोडून काढलं. त्यांना राग आला नाही. घंटा झाली तरी कोणी उठेना. मी फळ्याशी उभी राहून नुसती ऐकत होते. इतकी वर्षं जे पुस्तकातून शिकवत होते त्यावर माझ्याच वर्गात वाद चालला होता, आणि मला मनातून फार बरं वाटत होतं.

घरी जाताना मात्र मला माझंच लहानपण आठवू लागलं. मी शाळेत असताना बाबांच्या मागावर बसायचे. आडवं सूत नेणारा धोटा माझ्या हातून सफाईनं जायचा आणि शेजारपाजारचे कौतुक करायचे. आणि एक दिवस बाबांनी मला मागावरून उठवलं ते कायमचं. पुन्हा बसू दिलं नाही. माझं काहीतरी चुकलं असेल, सूत खराब केलं असेल, असं मी धरून चालले होते. विचारायची हिंमत झाली नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी बसले.

“बाबा, मले तुम्ही मागावरून काहून उठवलं होतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आज कायले आठवलं?”

“सहज. माझं काम खराब होत होतं का?”

“खराब?” ते हसले. “तुझा हात बसला होता पोरी. आणखी साल-दोन साल बसली असती तं माझ्यापेक्षा चांगलं विणलं असतं. मग तुले कोणीच उठू दिलं नसतं. मी बी नाई.”

मग त्यांनीच विचारलं, “तुले वाईट वाटलं होतं?”

“हो.”

“मले बी वाटलं होतं,” ते म्हणाले आणि माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिले.

त्यानंतर मी विणकरांच्या त्याच घरांमध्ये पुन्हा गेले. या वेळी आईवडिलांना आणखी एक गोष्ट विचारली: तुमचं लेकरू कशात हुशार आहे असं तुम्ही त्याला सांगायचात? उत्तरं ऐकता ऐकता अडलेलं गाडं हललं. ज्या घरांत पोरीचा हात कामावर लवकर बसला, तिथेच बहुतेकदा तिची शाळा सुटली होती. सगळीकडे नाही, पण दिसावं इतकं. मार्गदर्शकांनी त्यावरचं प्रकरण वाचलं आणि प्रथमच म्हणाले, “आता प्रबंध लिहून टाका.”

आसगावच्या त्या मुलीच्या घरीही मी गेले. तिची आई तलावावरून नुकतीच आली होती. बोटांना मासोळीचा वास, म्हणून हात धुऊन, पदराला पुसूनच माझ्याजवळ बसली.

“मॅडम, आमची पोट्टी घरी लय वाद घालून राहिली आजकाल. तुम्हीच शिकवलं का?”

“नाही, तिला येतच होतं.”

“बोलू दे मग,” आई म्हणाली आणि मला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. तलावातल्या झिंग्यांची भाजी आणि भात. वाढताना मुलगी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, इतकी लाजली होती.

ती आता नागपूरला अर्थशास्त्रात एम.ए. करते. माझा प्रबंध तिनं मागून नेला, वाचला आणि फोन केला.

“मॅडम, रागावू नका, पण एक गोष्ट सुटली.”

“कोणती?”

“तुम्ही मायबापांले विचारलं, पोट्ट्यांले नाई विचारलं. त्यांले ते काम आवडत होतं का? मले मासोळी पकडाले आवडते. फक्त तेवढंच कराले नाई आवडत.”

मी फोन धरून हसत राहिले, कारण ती अगदी बरोबर बोलत होती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी मिळून पुन्हा घरं फिरणार आहोत. या वेळी एकोडी गावाकडची, धान पिकवणाऱ्यांची घरंही घ्यायची, असा तिचा आग्रह आहे. प्रश्न तिनं तयार केलेत. मी सुचवलेल्या प्रश्नांपैकी बरेच तिनं काढून टाकले.