गाळ आणि गाळी

जे. पी. नगरच्या मागच्या गल्लीतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. तेव्हा मी अवघी बासष्टची! पुण्याहून मुलाकडे येऊन दोन महिने झालेले, आणि आपल्याला कन्नड येतं हा तोरा. मुलाचा जुना डिझेल ट्रक कधी सुरळीत धावायचा, तर कधी चढावर अचानक बंद पडायचा. दुसऱ्या दिवशी मुलगा तो घेऊन मालासह घाटात जाणार होता. त्याला वेळ नव्हता, म्हणून गॅरेजात ट्रकपाशी मी बसले होते.

मेकॅनिकने डिझेलच्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली, इंजिन चालू केलं आणि उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला, सापाच्या बिळाकडे बघावं तसा. अर्ध्या तासाने म्हणाला, "गाळी, अक्का."

"गाळच ना? मग टाकी धुवा," मी फर्मावलं, आणि मुलाला फोनही केला, "किरकोळ आहे रे, सकाळी नीघ."

मेकॅनिक ताडकन उठला. माझा तळहात ओढून त्यावर फुंकर मारली. "हे गाळी! हवा!" नळीत बुडबुडे पळत होते. "डिझेल बाहेर गळलं तर दिसतं, अक्का. हवा आत घुसते, ती दिसत नाही. टाकीतल्या पाइपला चीर आहे. डिझेल चिरेच्या खाली गेलं की पाइप हवा ओढतो. घाटात इंजिन बंद, स्टिअरिंग जड, मग?"

पाइप बदलेपर्यंत त्याने किल्ली खिशातच ठेवली.

आजही मुलगा घाटात असला की मला घास उतरत नाही. एका वेलांटीपायी पोर गेलं असतं माझं.